नामाची उडी

सदू तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यायला लागला, हे विमलच्या लक्षात यायला उशीरच झाला. आधी तिला वाटलं, काहीतरी नेम धरला असेल. भिसेगावात चैत्रातल्या जत्रेआधी पुरुषमाणसं कसले ना कसले नेम धरतात. कुणी मटण सोडतं, कुणी विडी. मग एका दुपारी मैना, त्यांची पाच वर्षांची पोर, रोजच्यासारखी बापाच्या ताटातला घास उचलायला गेली, तर सदूनं ताटच उचललं आणि पाठ फिरवून जेवला. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. अलीकडे तो पडवीत एकटा झोपायचा. आत उकडतं म्हणायचा. चैत्रात उकडतंच, पण पोरीला कुशीत घेतल्याशिवाय ज्याचा डोळा लागत नव्हता त्याला यंदाच एवढं कसं उकडायला लागलं?

आणि खोकला होता. खोकल्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण सदू भाताच्या गिरणीत यंत्रावर होता. कर्जतच्या गिरण्यांत काम करणारा माणूस खोकायचाच. दिवसभर भुसा उडतो, भुवया पांढऱ्या होतात, घरी आल्यावर कपडे झटकले तर अंगणात धूर झाल्यासारखं दिसतं. त्याला 'गिरणीचा खोकला' म्हणत आणि त्यावर गुळाचा खडा चघळत. नामालाही गिरणीचा खोकलाच झाला होता. नामाला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

नामा त्याच गिरणीत हमाल. उंचीनं बेताचा, मान आखूड, पंजे फावड्यासारखे. पोतं पाठीवर घ्यायच्या आधी त्याच्याशी दोन शब्द बोलायचा. "चल रं, तुला गाडीत बसवून देतो, माज्या नशिबात नाय तर तुज्या तरी." ओढ्याकाठी भाताचा एक तुकडा होता, पोटी मूल नव्हतं, बायको सोनाबाई त्याच्याहून दोन बोटं उंच. यावरून गाव त्याची चेष्टा करी आणि सगळ्यात मोठ्यानं हसे तो स्वतः. पण कबड्डीच्या मैदानात डाव्या कोपऱ्यात नामा उभा राहिला की चेष्टा बंद. चढाई करणारा गडी त्याच्या बाजूला फिरकला की नामा आडवा होऊन त्याचा घोटा धरायचा, आणि एकदा धरलेला घोटा त्यानं सोडलेला कुणी पाहिला नव्हता.

पुढे तरण्या पोरांनी गावचा संघ हातात घेतला. तेव्हा सदू-नामाच्या मंडळींनी खेळ सोडला नाही, चाळिशी उलटलेल्यांचा वेगळा संघ काढला. सदू त्याचा कप्तान. जवळच्या चौक गावच्या गॅरेजवाल्यांनी ऐकलं, त्यांनीही काढला. तेव्हापासून जत्रेच्या संध्याकाळी देवळामागच्या शेतात हा सामना होई. गुडघ्यांना तेल चोळलेले, पोटं सुटलेले, सुना असलेले बाप्ये चड्ड्या घालून उतरायचे आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. मध्यंतराला सातजण एकाच तांब्यातून लिंबू-गुळाचं पाणी प्यायचे. तांब्या या तोंडातून त्या तोंडात फिरायचा. त्यांना त्याचं फार कौतुक होतं.

गेल्या जत्रेला नामानं उडी मारली होती. कबड्डीत समोरच्यांच्या हद्दीत शिरलं की एकाच दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहावं लागतं. दम तुटला की गडी बाद. नामा शिरला, चार पावलं नाचला आणि कुणाला शिवायच्या भानगडीत न पडता सरळ समोरच्या साखळीत झेपावला. त्यांनी त्याला दाबून टाकला. पुढच्या चढाईलाही तेच. चांगो, गिरणीतलाच, संघातला तोंडाळ गडी, म्हणाला, "नामा, तितं काय लाडू वाटतात काय रं?" सगळे हसले. नामा ढिगाखालून धापा टाकत बाहेर आला आणि तोही हसला. सदूला वाटलं, सराव कमी पडतोय. जत्रेनंतर त्यानं नामाला पहाटे पळसदरीच्या धरणाच्या बाजूला पळायला लावलं. कप्तानाचं ऐकायचं म्हणून नामा पळला. श्रावणात त्यानं अंथरूण धरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. दिवाळीच्या तोंडावर तो गेला.

यंदाचा सामना नामाच्या नावाचा होता. डावा कोपरा रिकामा ठेवायचा, सहाजणांनीच खेळायचं, असं सदूनं ठरवलं. विमलनं ते ऐकलं तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं, की सातातला एक कमी झाला म्हणजे सदूला चढाया जास्त कराव्या लागणार.

सामन्याच्या आदल्या दुपारी ती सोनाबाईकडे गेली. सोनाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. विमलनं शेजारी बसून खडे वेचायला घेतले.

"उद्या येणार ना वैनी?"

"येनार तर. पानी माज्या हातानं द्यायचं ठरलंय म्हनं. चांगो सांगून गेला. म्हनला, वैनी, तुमी आलात तर आमी हरनार नाय. त्याला काय, तोंड हाय."

विमल हसली नाही. तिचं माहेर घाटावरचं, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, गावात बालवाडी चालवायची. बोलायच्या आधी शब्द जुळवायची तिला सवय होती. आज ते जुळत नव्हते.

"एक विचारू? गेल्या जत्रेला नामाभावजींनी तांब्या सगळ्यांच्या शेवटी घेतला. वरून पाणी प्यायले. नेम आहे म्हणाले. कसला नेम होता?"

सोनाबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग विमलकडे.

"नेम कसला गं. थुंकीत लाल दिसलं त्या दिसापासनं त्याला ठावं व्हतं. मला म्हनला, कुनाला बोललीस तर तुजं तोंड बगनार नाय. साखळीत हातात हात धरायचा आसतो, म्हनला, माजा हात मंग कोन धरनार? गिरनीत पोतं तरी कोन उचलू देनार?"

"आणि तरी खेळले?"

"खेळला. आनि ती उडी." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी हासलात, मीबी हासले. जायच्या आदी मला सांगितलंन. म्हनला, दम पुरत नव्हता गं. मदीच तुटायचा. तुटला की पंच शिटी मारनार, समद्यांना कळनार. म्हनून तुटायच्या आदीच त्यांच्यात उडी मारायचो. सातजन अंगावर पडल्यावर कोनबी धापा टाकतो. तितं कुनाला काय कळतंय. पकडला गेला तर लाज नाय, दम तुटला तर लाज. आसं ह्या बाप्यांचं."

विमलच्या हातातला खडा तांदळात पडला, तिनं तो पुन्हा शोधलाही नाही.

"सदू वरनं पितो?" सोनाबाईनं विचारलं.

विमलनं होकारार्थी मान हलवली.

"पोरीला?"

"जवळ येऊ देत नाहीत."

"मंग त्याला कळलंय." सोनाबाई हळू बोलली. "पोरीला जपतोय, सोताला नाय. उद्याचा उतरू देऊ नको त्याला."

सदू गिरणीतून आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तो हातपाय धुवून पडवीत टेकला. मैना दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिला आता दारापर्यंतच यायची सवय लागली होती. विमलनं तिला शेजारच्या पोरींत खेळायला पाठवलं.

"उद्या खेळू नका," ती म्हणाली.

"का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते."

"गिरनीचा खोकला हाय. म्याच झाली की दाखवून येऊ डाक्टरला."

"नामाभावजी पण जत्रा झाली की जाणार होते."

सदूनं पायाचा अंगठा जमिनीवर घासला. "आमी सहा हाय. मी नाय उतरलो तर पाच. त्याच्या नावाची म्याच, आनि कप्तान घरात बसून ऱ्हायला, आसं व्हय? लोकं इचारतील. काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगितलं तर उद्या कोन मैदानात येईल? त्या तांब्यातनं तर आमी समदे प्यालोय." तो खोकला, तोंडावर उपरणं धरलं आणि उपरण्याकडे न बघता ते मुठीत चुरगाळलं. विमलनं ते पाहिलं. "दम लागला तर बसंन मी. झालं?"

"तुम्ही बसणार नाही. उडी माराल."

सदूनं झटकन वर पाहिलं. 

"उडीचं तुला कुनी सांगितलं?"

म्हणजे नामा उडी का मारायचा, ते आता त्यालाही कळलं होतं. विमल आत गेली, मैनाचा पेला घासला, पुन्हा घासला, आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी शेतात चुन्याच्या रेषा आखल्या गेल्या. चौकची माणसं टेंपोतून आली. भिसेगावचे सहाजण हातात हात धरून उभे राहिले आणि डाव्या कोपऱ्यात नामाच्या जागी चांगोनं नारळ ठेवला. चौकचा कप्तान मंगळ्या, हातांना काळं तेल मुरलेला गडी, ते बघत होता. मग त्यानं आपल्यातल्या एकाला बाहेर बसवलं. "आमीबी सहाच," म्हणाला. "त्यानं माजा घोटा दोनदा मोडलाय. एवढं तर केलं पायजे."

बायका देवळाच्या पायरीवर बसल्या. विमलच्या मांडीवर मैना, शेजारी सोनाबाई, पुढ्यात पाण्याची कळशी. एका विधवेच्या हातून पाणी म्हणून दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. सोनाबाईनं ऐकलं आणि पदर खोचून घेतला.

सदूची पहिली चढाई बरी झाली. गडी शिवून तो परत आला. दुसऱ्या चढाईला तो आत गेला, कबड्डी, कबड्डी, आवाज मोठा होता. पण परतताना शेवटचे दोन शब्द घशात घासले. विमलला ते पायरीवरून ऐकू आलं. लोक ओरडत होते, त्यांना आलं नाही. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला, जणू चुन्याची रेष बघतोय.

तिसऱ्या वेळी त्यानं चढाईला चांगोला पाठवायला हवं होतं. तो स्वतः गेला. मंगळ्याच्या साखळीनं त्याला आत येऊ दिलं. सदू उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला, त्याचा आवाज बारीक झाला, आणि मग दोन्ही हात पुढे करून तो सरळ त्यांच्यात झेपावला.

"नामाची उडी," कुणीतरी मागून ओरडलं. सगळ्या शेतानं टाळ्या वाजवल्या. मित्राची आठवण म्हणून सदूनं मुद्दाम उडी मारली, असं त्यांना वाटलं. चांगोनं डोळे पुसले. "नामा अंगात आलाय त्याच्या," तो म्हणाला. पायरीवरच्या म्हाताऱ्यांनीही हात जोडले. माणसांच्या ढिगाखाली सदूचे नुसते तळवे दिसत होते.

विमलनं मैनाला इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आई, दुखतंय."

सोनाबाई टाळ्या वाजवत नव्हती. तिनं विमलच्या हातावर हात ठेवला.

"जाऊ का मी?" विमल म्हणाली. "आत जाऊन थांबवू का?"

"तू गेलीस तर तो आनखी उड्या मारंल. तू बायको हायस. मला जाऊ दे. मला द्यायचंच हाय पानी."

मध्यंतराची शिटी झाली. सोनाबाईनं तांब्या भरला आणि कळशी कमरेवर घेऊन मैदानात गेली. चांगो, मग इतर चौघे, तांब्या फिरत सदूपाशी आला. त्यानं मान मागे टाकून तांब्या वर उचलला.

"थांबा भावजी."

सोनाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि पितळेचं एक छोटं फुलपात्र काढलं. कडेला पोचा आलेलं. त्यात कळशीतलं पाणी ओतून तिनं ते सदूपुढे धरलं.

"ह्यातनं प्या. तोंड लावून प्या. वरनं प्यायचं काय काम नाय."

"हे कुनाचं?" चांगोनं विचारलं.

"तुमच्या दोस्ताचं. शेवटाला घरात हे येकटं फुलपात्र त्याचं व्हतं. मला सुदिक हात लावू देत नव्हता. सोता घासायचा." तिनं सदूकडे बघत आवाज अजून खाली आणला. "तुमी चांगली उडी मारलीत. त्याच्यापेक्षाबी चांगली. त्याला मी हासले व्हते. तुमाला हासनार नाय."

चांगोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. तो सदूकडे बघायला लागला, मग त्याच्या हातातल्या तांब्याकडे. सदूनं फुलपात्र घेतलं. तो तोंड लावून प्यायला, सावकाश, सगळं. विमलला पायरीवरून शब्द ऐकू आले नाहीत. तिला फक्त दिसलं, की गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तो खाली मान घालून पाणी पितोय.

शिटी पुन्हा झाली. तिला वाटलं होतं तो आता बसेल. तो बसला नाही. या सामन्यात बाद झालेले मध्यंतरानंतर पुन्हा उतरत. पहिली चढाई भिसेगावची, आणि सदूच पुढे झाला. चांगोनं त्याचा दंड धरला. सदूनं तो सोडवला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. तो मध्यरेषा ओलांडून आत गेला. विमल उभी राहिली. मैना तिच्या कमरेला लोंबकळत होती. मंगळ्याच्या लोकांनी हात धरले, झेलायला तयार. त्यांनाही आता उडीच हवी होती. शेत गप्प झालं. सदूचा आवाज खाली आला, आणखी खाली आला, त्याचे खांदे पुढे झुकले, गुडघे वाकले, आणि विमलनं डोळे मिटून घेतले.

टाळ्या आल्या नाहीत. धप्प असा आवाजही आला नाही. तिनं डोळे उघडले. सदू मंगळ्याच्या समोर हातभर अंतरावर ताठ उभा होता. तोंड बंद. एक हात वर.

पंच म्हणून शाळेचे कवायतीचे गुरुजी होते. त्यांना काय करावं कळेना. मंगळ्यालाही कळेना, कुणाला न शिवता, कुणी न धरता असा उभा राहिलेला गडी त्यानं पाहिला नव्हता.

"दम तुटला, गुरुजी," सदू म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, आणि त्यापाठोपाठ त्याला खोकल्याची जी उबळ आली ती कुणापासून लपण्यासारखी नव्हती. गुरुजींनी उशिरानं शिटी मारली. मागच्या पोरांतून एकजण हसला. चांगो त्याच्याकडे वळून म्हणाला, "हास, तुज्या बापाला बोलवून आनू का हासायला?"

सदू मैदानाबाहेर आला आणि लोकांपासून लांब बांधावर जाऊन बसला. मैना आईच्या हातातून सुटून धावली. त्यानं दुरूनच तळहात पुढे केला.

"तितंच थांब गं. बाबा आजारी हाय. दवा घेतली का मंग ये."

पोर थांबली. सांगितल्यावर थांबणं तिला जमलं. न सांगता दूर लोटणं तिला समजत नव्हतं. ती तिथेच मातीत फतकल मारून बसली आणि बापाकडे बघून हसली. विमल तिच्या मागे उभी राहिली. मग तिनं सदूचं उपरणं उचलून उतरत्या उन्हात बांधावर पसरलं.

भिसेगाव तो सामना पाचजणांत हरलं. मंगळ्यानं जिंकलेला नारळ फोडला नाही, सोनाबाईच्या पुढे ठेवला.

जत्रेनंतर सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढायला सदू निघाला, तर एसटीच्या थांब्यावर बाकीचे पाचही उभे. "येकाच तांब्यातनं प्यालोय ना," चांगो म्हणाला, "मंग फोटोबी संगतीनंच." हसवायचा प्रयत्न त्यानं केला, पण त्याचा आवाज चढला नाही. विमल मैनाला घेऊन आली, सोनाबाईलाही बळंच आणलं. दवाखान्याच्या बाकावर सगळेजण सकाळभर ओळीनं बसून होते. नाव पुकारलं की एकेकजण उठून आत जायचा, आणि उरलेले त्याच्या पाठीकडे बघत राहायचे.

सदूला डाग निघाला. चांगोला लहानसा. इंजेक्शनं आणि गोळ्या दोघांना पुष्कळ महिने चालल्या. गिरणीतलं सदूचं काम गेलं आणि चांगोचं राहिलं, कारण चांगोनं गिरणीत सांगितलंच नाही. यावरून दोघांत एकदा जोराचं भांडणही झालं. बाकीच्यांना, सोनाबाईला काही नव्हतं. मैनाची छाती डॉक्टरांनी बराच वेळ ऐकली. काही नाही म्हणाले. विमलनं पुन्हा ऐका म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकली.

सदू बरा झाला. प्रौढांचा सामना अजून होतो, आणि मध्यंतराला प्रत्येकजण आपापला पेला घेऊन येतो. तरण्या पोरांना वाटतं, म्हाताऱ्यांची ही काहीतरी जुनी पद्धत असेल. डावा कोपरा आता मंगळ्याच्या जावयाकडे आहे. तो भिसेगावात राहायला आला, आणि घोटा बरा धरतो.

मैना पुढे शाळेच्या संघात खेळायला लागली. सामना असला की विमल रेषेच्या अगदी जवळ उभी राहते. किती गुण झाले हे तिला कधीच सांगता येत नाही. पोर चढाई करून परत आली की ती फक्त तिच्या बरगड्यांकडे बघते, त्या खालीवर होताना बघते, आणि त्या सावकाश होईपर्यंत तिथून हलत नाही. मैना वैतागते. "आई, दम लागला तर मी सांगते ना," म्हणते.

"सांग हं," विमल म्हणते. "मोठ्यानं सांग."